सहापैकी दोन जेवणं

रोममध्ये आमच्या वाट्याला दोन दिवस आले होते. दोन दिवसांची सहा जेवणं. त्यातले दोन्ही नाश्ते हॉटेलातच, खोलीच्या भाड्यात धरलेले. रात्रीची दोन्ही जेवणं सहल कंपनीने एका भारतीय रेस्टॉरंटमध्ये ठरवून ठेवली होती : वरण, भात, बटाट्याची भाजी आणि गुलाबजाम. उरली दुपारची दोन. आपल्या मनाने आणि आपल्या पैशाने ठरवायची तेवढीच.

पहिल्या दुपारी आम्ही स्पॅनिश स्टेप्सपाशी होतो. जूनचं ऊन. आई एक्काहत्तर वर्षांची, शुद्ध शाकाहारी, आणि गुडघे बोलायला लागलेले. वरच्या चर्चकडून १३५ पायऱ्या उतरून खाली आलो तेव्हा तिला फक्त कुठेतरी टेकायचं होतं. पण त्या पायऱ्यांवर बसता येत नाही. २०१९पासून तिथे बसणाऱ्याला २५० युरो दंड आहे, पायऱ्या घाण केल्या तर तो ४०० युरोंपर्यंत जातो. शिट्टी वाजली की बसलेले लोक कपडे झटकत उठतात. आजूबाजूच्या रेस्टॉरंटांच्या पाट्या इटालियनमध्ये, बसायचे पैसे वेगळे, आणि कशात काय घातलंय याचा पत्ता नाही. तेवढ्यात चौकाच्या कडेला एक लहानसा फलक आईलाच दिसला.

"अगं, हे तर आपल्या ठाण्यातलंच ना?"

आत गार हवा होती, बसायला खुर्ची होती, स्वच्छतागृह होतं, भिंतीवर चित्रांसकट किमती होत्या. "बघ हं, यात काही नाही ना?" असं आईने तीनदा विचारलं. काउंटरवरच्या मुलीने पदार्थांचा छापील तक्ता पुढे केला. बटाटा, वनस्पती तेल, मीठ. आईने फ्राइजचा मोठा पुडा संपवला, रुमालाला हात पुसले आणि म्हणाली, "पोटाला आधार झाला बाई."

दोनातलं एक जेवण संपलं. आईला मी तेव्हाही बोल लावला नाही, आजही लावत नाही. पण घरी परतल्यावर त्या पुड्याचा हिशेब मी मांडायला घेतला आणि आकडे हाताबाहेर जात राहिले.

मॅकडोनाल्ड्सची शंभराहून अधिक देशांत मिळून ४३,००० वर दुकानं आहेत. रोजची गिऱ्हाइकं साडेसहा कोटींच्या घरात. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. म्हणजे चांदा ते बांदा सगळा महाराष्ट्र, तान्ह्या बाळांसकट, ही एक कंपनी पावणेदोन दिवसांत जेवू घालील. २०२४ साली तिच्या सगळ्या दुकानांची मिळून विक्री १३० अब्ज डॉलरच्या वर गेली. रुपयांत ते जवळजवळ अकरा लाख कोटी होतात. आपल्या राज्याचा २०२५-२६चा अर्थसंकल्प सात लाख कोटींचा होता. त्यात रस्ते, शाळा, धरणं, पगार, पेन्शन सगळं आलं.

तिच्याबरोबर इतर तीन नावं धरू. स्टारबक्स ४० हजारांच्या आसपास, सबवे ३७ हजारांच्या आसपास, केएफसी तीस हजारांवर. चौघांची बेरीज दीड लाख. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत २०२५च्या मध्यापर्यंत १,२४८ स्थळं होती. त्यात अजिंठा आहे, पिरॅमिड आहेत, जंगलं आहेत, निर्मनुष्य बेटंसुद्धा आहेत. भागाकार केला तर एकेका वारसास्थळामागे या चार कंपन्यांची १२० दुकानं येतात. माणसाने हजारो वर्षांत जपण्यासारखं म्हणून जेवढं काही मोजून ठेवलं, त्याच्या एकशेवीस पट दुकानं चार कंपन्यांनी एका माणसाच्या आयुष्याएवढ्या काळात उभी केली.

या आकड्यांनी छाती दडपते. पण त्यातून "पूर्वी असं नव्हतं" असा निष्कर्ष काढायला गेले आणि पाँपेईपाशी अडखळले.

इसवी सन ७९मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या या गावाची वस्ती अकरा-बारा हजारांची धरतात. त्या गावात थर्मोपोलियम नावाची खाणावळवजा दुकानं होती. रस्त्याला लागून दगडी ओटा, ओट्यात गळ्यापर्यंत बसवलेली मातीची मोठी मडकी, आणि मडक्यांत तयार अन्न. साध्या माणसाच्या घरात नीट स्वयंपाकघर नसायचं. तो ओट्यापाशी थांबायचा, उभ्याउभ्या खायचा आणि कामाला जायचा. अशी ऐंशीएक दुकानं पाँपेईत सापडली आहेत, आणि गावाचा साधारण एक तृतीयांश भाग अजून खणायचाच आहे. सापडली तेवढीच धरली तरी दीडशे माणसांमागे एक दुकान होतं. आज जगाची लोकसंख्या ८२० कोटी धरली तर मॅकडोनाल्ड्सचं एक दुकान एक लाख नव्वद हजार माणसांमागे येतं. चारही कंपन्या एकत्र केल्या तरी पंचावन्न हजारांमागे एक. दाटीचाच प्रश्न असेल, तर दोन हजार वर्षांपूर्वीचं पाँपेई आजच्या जगाच्या साडेतीनशे पटींहून पुढे होतं.

त्यातलं एक दुकान २०२० साली जवळजवळ जसंच्या तसं वर आलं. ओट्याच्या पुढच्या बाजूला रंगीत चित्रं आहेत : उलटी टांगलेली दोन बदकं, एक कोंबडा, गळ्यात पट्टा घातलेला कुत्रा. कुत्र्याच्या चौकटीवर कुणीतरी मालकाला उद्देशून शिवीही कोरून ठेवली आहे. मडक्यांच्या तळाशी काय निघालं? बदकाचं हाड, डुकराचं, बकऱ्याचं, मासे, गोगलगायी. आणि वाइनच्या मडक्यात भरडलेले फावा, म्हणजे आपल्या पावट्याच्या भावकीतला वाटावा असा दाणा. चित्रात बदक आणि मडक्यात बदकाचं हाड. चित्र दाखवून पदार्थ विकायची ही रीत आईला भिंतीवरच्या चित्रांत दिसली तीच.

झटपट खाणं आणि ऐतिहासिक दगड यांचं वैर नाही, हे मला पाँपेईने पटवलं. आणि परकेपणाचंही वैर नसावं. स्पॅनिश स्टेप्सच्या पायथ्याशीच १८९३ साली सुरू झालेली बॅबिंग्टन्स टी रूम आहे. दोन बायकांनी इंग्रज प्रवाशांना त्यांच्या घरचा चहा मिळावा म्हणून ती काढली. चार पावलांवर व्हिया कोंदोत्तीवरचं काफे ग्रेको, १७६०चं. नावच सांगतं की काढणारा ग्रीक होता. आज दोन्ही जागा रोमचा वारसा म्हणून दाखवल्या जातात.

मग मार्च १९८६मध्ये, त्याच चौकात साडेचारशे आसनांचं मॅकडोनाल्ड्स उघडलं तेव्हा रोम एवढं का खवळलं? कपड्यांचे जगप्रसिद्ध रचनाकार व्हॅलेंतिनो यांची कचेरी शेजारीच. त्यांनी तळणाच्या वासाविरुद्ध तक्रार केली. हजारो लोक चौकात जमले. निदर्शकांनी येणाऱ्याजाणाऱ्यांना वाडग्यांतून पेने पास्ता वाढला. घोषणांचं आंदोलन मीही पाहिलं आहे, पण जेवण वाढून केलेला निषेध मला फार मोठ्या मनाचा वाटतो. त्या गर्दीतल्या कार्लो पेत्रिनी या पिएमोंतेकडच्या पत्रकाराने पुढे ही चळवळ बांधली. डिसेंबर १९८९मध्ये पॅरिसला १५ देशांच्या प्रतिनिधींनी 'स्लो फूड'च्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. आज त्या चळवळीचं जाळं १६० देशांत आहे. मॅकडोनाल्ड्स पोचलं आहे त्याहून जास्त देशांत हा विरोध पोचला. पण चौकातलं दुकानही तिथंच आहे, आणि १९८५ साली बोल्झानोत एका दुकानाने सुरू झालेली इटलीतली संख्या आता सातशेवर गेली आहे.

कंपन्यांच्या वाढीचा वेग समजून घ्यायचा तर रोमपेक्षा चीनचा आकडा बोलका आहे. १२ नोव्हेंबर १९८७ रोजी बीजिंगच्या तिआनानमेन चौकाजवळ, च्यानमेन या जुन्या नगरद्वारापाशी, चीनमधलं पहिलं केएफसी उघडलं. डिसेंबर २०२३मध्ये तिथलं दहा हजारावं उघडलं. छत्तीस वर्षांचे तास काढून दहा हजारांनी भागले, तर साडेएकतीस तासांना एक दुकान येतं. अहोरात्र, छत्तीस वर्षं.

त्याच शहरात फॉरबिडन सिटीच्या आत २००० साली स्टारबक्सने एक दुकान थाटलं. हा राजवाडा १४०६ ते १४२० अशी चौदा वर्षं बांधला जात होता; ७२ हेक्टरांचा पसारा, ८,७००हून अधिक खोल्या. त्यातल्या एका बाजूच्या लहान दालनाच्या कोपऱ्यात हे कॉफीचं दुकान. क्षेत्रफळ मोजलं तर अगदी नगण्य. पण रुई चेंगगांग या टीव्ही निवेदकाने २००७च्या जानेवारीत त्याविरुद्ध लिहिलं आणि पाच लाख लोकांनी सह्या केल्या. जुलैत दुकान बंद झालं. २०१८ साली राजवाड्याच्या व्यवस्थापनाने कोपऱ्याच्या बुरुजापाशी स्वतःचं कॉफी हाउस उघडलं. लोकांना राजवाड्यात कॉफी चालत होती. दुसऱ्याच्या नावाची पाटी खुपत होती. मला तो राग समजतो. आपल्या देवळाच्या ओवरीत उद्या अशी पाटी लागली तर जागेचे चौरस फूट मोजत कुणी बसणार नाही.

गिझाचं मात्र वेगळं. तिथली पिझ्झा हट आणि केएफसी स्मारकाच्या हद्दीत नाहीत, कुंपणाबाहेरच्या वस्तीत आहेत; पण स्फिंक्सचं तोंड पूर्वेकडे, आणि पूर्वेलाच त्यांची इमारत. ७३ मीटर लांब आणि २० मीटर उंच स्फिंक्स साडेचार हजार वर्षं उगवत्या सूर्याकडे बघतो आहे, आणि आता त्या दिशेला पिझ्झाची पाटी आहे. गच्चीतून पिरॅमिड दिसतात म्हणून तिथे गर्दी होते. जगभर ज्या फोटोवरून लोक हळहळतात तो याच खिडकीतला : काचेवर कंपनीचं चिन्ह आणि चिन्हाच्या मागे खुफूचा पिरॅमिड.

त्या पिरॅमिडचे दगड सुमारे २३ लाख. वीस वर्षांत बांधला असं धरलं तर रोजचे ३१५ दगड बसवावे लागले असतील. ते बसवणाऱ्या माणसांना रोज जेवायलाही लागत होतं. १९९१ साली पिरॅमिडच्या दक्षिणेला कामगारांच्या वस्तीत भटारखाने सापडले. तिथे पाव भाजायचे घंटेच्या आकाराचे जाड मातीचे साचे होते. हाडांच्या अभ्यासावरून झाही हवास यांनी २०१०मध्ये मांडलेला अंदाज असा, की सुमारे दहा हजार माणसांसाठी रोज २१ गुरं आणि २३ मेंढ्या त्या पठारावर येत होत्या. पाव हजारोंच्या संख्येने, एकाच साच्याचे, एकाच आकाराचे. वारकऱ्यांच्या पंगती वाढलेल्या माणसाला यातलं कष्टाचं गणित लगेच कळेल : सरपण किती, पाणी किती, पिठाची पोती कुठून यायची. एकसारखं अन्न, प्रचंड प्रमाणात, ठरल्या वेळी, हेही गिझाला नवं नाही. फक्त ते अन्न तिथल्याच नदीचं आणि तिथल्याच मातीचं होतं.

आजही कैरोत त्या पिझ्झाच्या पैशांत कितीतरी वाडगे कोशरी येईल. भात, मसूर, मॅकरोनी, हरभरे, वर टोमॅटोचा आंबट रस आणि कुरकुरीत तळलेला कांदा. आपल्या खिचडीशी तिचं नातं सांगतात. शाकाहारी मराठी माणसाने पिरॅमिडसमोर बसून मनापासून खावी अशी ती गोष्ट, आणि आपल्यातले किती जण तिचं नावही न ऐकता परत येतात.

इटलीकडे परत येते, कारण तिथे दोन्ही बाजूंनी विचार झालेला दिसतो. फ्लॉरेन्सच्या महापौरांनी २०१६ साली कॅथेड्रलच्या चौकात मॅकडोनाल्ड्सला परवानगी नाकारली; कंपनीने सुमारे १ कोटी ८० लाख युरोंचा दावा ठोकला. २०१९ साली रोममध्ये काराकल्लाच्या स्नानगृहांजवळचं अडीचशे आसनांचं नियोजित दुकान संस्कृतिमंत्र्यांनी थांबवलं. आणि याच फ्लॉरेन्सने २०१८मध्ये जुन्या गावातल्या चार रस्त्यांवर दुपारी आणि संध्याकाळी रस्त्यात बसून खायला बंदी घातली, दंड १५० ते ५०० युरो. ती गर्दी परदेशी बर्गरची नव्हती. तिथल्याच सँडविचच्या दुकानांपुढे रांगा लागत होत्या आणि लोक उंबरठ्यांवर बसून खात होते. अन्न गावचं असूनही प्रवाशांच्या संख्येने गाव गुदमरू शकतं, हे त्या दंडातून दिसतं.

पण मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते फ्रात्तोक्केने. रोमच्या दक्षिणेला आप्पियन रस्त्यालगतचं हे गाव. आप्पियन रस्ता म्हणजे इसवी सनापूर्वी ३१२मध्ये सुरू केलेला, सगळ्या रोमन रस्त्यांची आजी. २०१४ साली तिथे मॅकडोनाल्ड्सचा पाया खणताना खाली दगडी रस्ता लागला. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा, ४५ मीटर लांबीचा तुकडा, वर चाकांच्या चाकोऱ्या उमटलेल्या. रस्त्याच्या कडेच्या गटारात तीन सांगाडे. रस्ता वापरातून गेल्यानंतर कधीतरी पुरलेली माणसं.

एरवी अशा वेळी दोनपैकी एक गोष्ट होते : बांधकाम थांबतं, नाहीतर रात्रीतून सिमेंट ओतलं जातं. इथे कंपनीने तीन लाख युरो खर्चून रस्ता स्वच्छ करवला, त्याच्यावर दुकान उचलून बांधलं आणि जमिनीत काच बसवली. फेब्रुवारी २०१७पासून ते खुलं आहे. बर्गर न घेताही जिना उतरून खाली जाता येतं, फुकट. वर मुलं फ्राइज खातात आणि पायाखालच्या काचेतून रोमन रस्ता दिसतो. साखळी दुकानांविरुद्ध माझं मत काहीही असलं तरी हे काम चांगलं झालं, हे मी म्हणेन. कंपनीच्या विक्रीच्या मानाने तीन लाख युरो किती, तोही हिशेब केला. १३० अब्ज डॉलरची विक्री वर्षभरात सारखी वाटली, तर तेवढे पैसे गल्ल्यात जमायला सव्वा-दीड मिनिट पुरतं. दीड मिनिटात एक रस्ता वाचला. ज्या हजारो जुन्या जागांच्या शेजारी अशी दुकानं आहेत, तिथे असं दीड मिनिट मागायला काय हरकत आहे?

आता प्रवाशांकडे वळते, कारण दुकानं आपल्याच पायांनी चालत येतात.

१९५० साली जगभरात दुसऱ्या देशात जाणारे प्रवासी होते अडीच कोटी. २०२४मध्ये ते १४० कोटींच्या घरात गेले. तेवढ्या काळात लोकसंख्या साडेतीन पटही झाली नाही; प्रवासी छपन्न पट झाले. प्रत्येक जण सरासरी फक्त सात दिवस बाहेर राहतो आणि तीनदा खातो असं मी माझ्या सोयीसाठी धरलं. वर्षाची २,९४० कोटी जेवणं. दिवसाची आठ कोटी. मॅकडोनाल्ड्सला जगभरातून रोज मिळणाऱ्या गिऱ्हाइकांपेक्षाही ही परगावची जेवणं जास्त आहेत, आणि प्रत्येक जेवणाआधी प्रश्न असतो की कुठे शिरायचं. एकवीस जेवणांतलं एकच जेवण, पाचशे रुपयांचं, प्रवाशाने साखळीच्या दुकानातून गावच्या दुकानात वळवलं तर किती होतील? सत्तर हजार कोटी रुपये. महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पाचा दहावा हिस्सा.

मग ते वळत का नाही? चवीमुळे, असं मला वाटत नाही. परक्या गावात भूक लागलेला माणूस फार एकटा असतो. भाषा येत नाही. फसवलं जाण्याची भीती असते. बरोबर लहान मूल असतं, नाहीतर म्हातारं माणूस. संडासाला कुठे जायचं हा प्रश्न कुठल्याही मार्गदर्शक पुस्तकात नीट सोडवलेला नसतो. साखळीचं दुकान या सगळ्याची उत्तरं दारातच देतं. चाळीस हजार जागी तीच खुर्ची, तोच पुडा, तेच मीठ. एवढी खात्री माणसाला घराबाहेर दुसरं कोण देतं? आपल्याकडे पूर्वी ती नातेवाईक देत, धर्मशाळा देत, देवस्थानाचं अन्नछत्र देई. आजही शिर्डीला किंवा शेगावला गेलेला माणूस "इथे काय मिळेल" या चिंतेत नसतो.

शिवाय या खात्रीलाही तडा गेलेला आहे. अमेरिकेतल्या मॅकडोनाल्ड्सच्या फ्राइजमध्ये चवीसाठी बीफपासूनचा अर्क असल्याचं उघड झालं तेव्हा तिथले हिंदू आणि शाकाहारी लोक कोर्टात गेले. २००२ साली कंपनीने माफी मागून एक कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं. भारतातल्या फ्राइजमध्ये तसं काही नव्हतं. १९९६ साली ती इथे आली तीच बीफ वगळून, आणि पुढे आलू टिक्कीचा बर्गर घेऊन. आईचं तीनदा विचारणं बावळटपणाचं नव्हतं, हे मला नंतर हा इतिहास वाचताना जाणवलं. पाटी तीच असली तरी आतलं तेल, आतला अर्क देशागणिक बदलू शकतो. मग विचारायचंच आहे, तर ते कोपऱ्यावरच्या पाववाल्याला का विचारू नये?

मराठी प्रवाशाने यावर स्वतःचा तोडगा काढला आहे. बॅगेत मेतकूट, चिवडा, दशम्या, लाडू, आणि रात्री भारतीय रेस्टॉरंट. मी त्याला नावं ठेवणार नाही. दहा दिवस परमुलखात आजारी न पडता फिरायचं तर वरणभाताचा मोठा आधार असतो. पण यात आपली सहा जेवणांची दोन होतात, आणि त्या दोनातलं एक आपण पाटी ओळखीची म्हणून देऊन टाकतो. उलट बाजूनेही हे होतं. मुंबईला दोन दिवसांसाठी आलेला परदेशी पाहुणा सीएसएमटीचे दगडी सिंह आणि घुमट पाहून बाहेर येतो, तेव्हा रस्त्यापलीकडे त्याला मॅकडोनाल्ड्स दिसतं. हॉर्निमन सर्कलला जावं तर एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्ये १९ ऑक्टोबर २०१२ रोजी उघडलेलं भारतातलं पहिलं स्टारबक्स. देखणी जागा, शंकाच नाही. पण त्या दोन पाट्यांच्या मधल्या गल्ल्यांत ब्रून मस्का आहे, कढईतून नुकता काढलेला वडा आहे, लसणाची सुकी चटणी आहे. आणि त्या गल्लीत त्याला हाताला धरून नेणारं कुणी नाही. तिखट किती, पाणी कुठलं, पैसे किती, हे त्याच्या भाषेत लिहिलेली एक पाटी गाडीवर लावायला फार खर्च येत नाही.

स्टारबक्सच्या आजच्या रूपाची तर कथाच एका प्रवाशाच्या खाण्यापिण्यातली आहे. १९८३ साली कंपनीचे हॉवर्ड शुल्ट्झ मिलानला गेले आणि तिथल्या उभ्याउभ्या कॉफी पिण्याच्या बारांनी भारून गेले. त्या अनुभवावर त्यांनी पुढे ही कंपनी जगभर पसरवली. मिलानमध्ये तिचं पहिलं दुकान निघालं २०१८ साली, जुन्या पोस्टाच्या इमारतीत, २,३०० चौरस मीटरचं. पस्तीस वर्षं लागली परत यायला. शुल्ट्झ त्या सकाळी ओळखीची पाटी शोधत बसले असते तर?

रोमच्या दुसऱ्या दुपारी मी आईला पाटी शोधू दिली नाही.

पँथिऑनच्या मागच्या गल्लीत एक दुकान होतं, दोन माणसं समोरासमोर उभी राहिली तर भरेल एवढं. काचेच्या मागे लांबच लांब चौकोनी पिझ्झे, ताटात मावणार नाहीत असे. रोममध्ये हा पिझ्झा कापून, वजनावर विकतात. दुकानदार सुरी पिझ्झ्यावर आडवी ठेवतो आणि तुमच्या तोंडाकडे बघतो, एवढा? तुम्ही हाताने सुरी डावीकडे सरकवायची खूण करायची, की तो ती सरकवतो. भाषा लागत नाही. एकावर फक्त टोमॅटो आणि तेल होतं. दुसऱ्यावर बटाट्याच्या कागदासारख्या पातळ चकत्या, वर रोझमेरीची हिरवी काडी. मी मांसाच्या तुकड्यांकडे बोट करून मान हलवली. त्याने दोन्ही तळवे पुढे करून "नो, नो" म्हटलं आणि बटाट्याच्या पिझ्झ्याचा एक कोपरा कापून आईच्या हातात ठेवला. चव बघा म्हणून, फुकट.

आईने तो उलटसुलट करून पाहिला, वास घेतला, मग खाल्ला. "अगं, ही तर पावावर पसरलेली बटाट्याची भाजी," ती म्हणाली. "जरा हिरवी मिरची हवी होती." आणि हाताने सुरी उजवीकडे सरकवायची खूण केली. दोघींचे मिळून साडेसात युरो झाले.

दुकानात बसायला जागा नव्हती. बाहेर कोपऱ्यावर लोखंडी खांबासारखा नळ वाहत होता. रोममध्ये असे अडीच हजार नळ आहेत, पहिले १८७४मध्ये बसवलेले. लोक त्यांना 'नासोनी' म्हणतात, मोठ्या नाकाचे. पाणी अखंड वाहतं, थंडगार असतं, आणि त्याला पैसे पडत नाहीत. एक म्हातारा रोमकर आमच्याकडे बघत होता. तो पुढे आला, नळाच्या तोंडावर त्याने बोट दाबलं, आणि वरच्या बारीक भोकातून कारंज्यासारखी धार उसळली, वाकावं न लागता थेट तोंडाशी येईल अशी. आईने पदर सावरला, भिंतीला टेकली आणि पोटभर पाणी प्यायली.